ह्यात हाय काय!

कोल्हापुरात ‘मेस्त्री’ ही पदवी विद्यापीठ देत नाही, गल्ली देते. आमच्या गल्लीनं ती अण्णांना देऊन बरीच वर्षं झाली. उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी त्याच रात्री उघडलं. “बंद पडलं काय?” वहिनींनी विचारलं. “चालतंय की. कसं चालतंय ते बघालोय.”

असा एक माणूस प्रत्येकाच्या गोतावळ्यात असतोच. कुणाचा मामा, कुणाचा सासरा, कुणाचा वरच्या मजल्यावरचा शेजारी. बाजारात मिळणारी वस्तू पैसे मोजून आणायची म्हणजे त्याला घरातलं कुणी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. अण्णांच्या तोंडी यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे, “ह्यात हाय काय!” कुणी नवा मिक्सर दाखवावा, नवी सायकल दाखवावी, गेटचं नवं कुलूप दाखवावं. अण्णा ती वस्तू हातात घेतात, उलटी करतात (कुठल्याही वस्तूची सुलट बाजू त्यांनी नीट पाहिली असेल असं मला वाटत नाही), बुडाचे स्क्रू मोजतात आणि म्हणतात, “ह्यात हाय काय!” हे कानावर पडलं की वहिनी आतून ओरडतात, “अहो, दुसऱ्याचं हाय ते! ठेवा खाली!”

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, अण्णा सहा इंची व्हर्नियर ठेवतात. एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या त्यांनी बुफेच्या स्टँडचा पत्रा मोजलेला मी पाहिला आहे. दवाखान्यात साडूंना बघायला गेले होते, तेव्हा तब्येतीची चौकशी उरकून ते खाटेखाली वाकले आणि हळहळत वर आले. “कोपऱ्याला रिलीफच दिलेला न्हाय. आज ना उद्या फाटणार.” (रिलीफ म्हणजे वाकवलेला पत्रा कोपऱ्यात फाटू नये म्हणून ठेवलेली खाच.) साडूंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, अण्णा त्यांचा रिपोर्ट वाचून आलेत.

आता मूळ गोष्ट. वहिनींची मागणी अगदी साधी होती. परसात पाण्याची मोटार उघड्यावर आहे, मृग लागायच्या आत तिच्यावर पत्र्याची टोपी करून द्या. अठरा गेजचा पत्रा, चार बेंड. उद्यमनगरात कुठल्याही बेंडिंगवाल्याकडं नेला असता तर एक चहा होईपर्यंत टोपी हातात. पण अण्णांना हे ऐकूनच लागलं. “चार बेंडसाठी दुसऱ्याच्या दारात? आपल्याकडं प्रेस हाय की.”

प्रेस होता, हे खरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं आणि ते ओसरल्यावर गल्लीतल्या बुडालेल्या मोटारी, मिक्सर, पिठाच्या गिरण्या अण्णांच्या दारात ओळीनं येऊन बसल्या. गंजलेली बेअरिंगं दाबून काढायला त्यांनी सी-चॅनलचे तुकडे वेल्डिंग करून एक चौकट उभी केली आणि तिच्यात वीस टनी बॉटल जॅक बसवला. त्या दिवसांत अण्णांनी कुणाकडून एक रुपया घेतला नाही. कुणाची वस्तू सांगितलेल्या दिवशी परत दिली असंही नाही, पण जी दिली ती अजून चालते.

फक्त बेअरिंग दाबणं निराळं आणि पत्रा वाकवणं निराळं. पत्र्याला प्रेस ब्रेक लागतो. खाली व्ही आकाराची खाच असलेली डाय, वर तिच्यात उतरणारा धारदार पंच, मध्ये पत्रा. पंच खाली आला की पत्रा खाचेत बसत जातो आणि काटकोन होतो. कारखान्यातलं हे यंत्र दोन-तीन मीटर लांब आणि खोलीएवढं असतं. घरच्या प्रेससाठी तेच सोंग लहान करून जोडायचं तर पंच, डाय, दोन गाइड आणि दोन स्प्रिंगा एवढं पुरतं. तसं ते तयारही मिळतं. ही माहिती पुण्याच्या भाच्यानं फोनवर फोटोसकट पाठवली आणि अण्णांनी तो फोटो बोटांनी ताणून ताणून इतका पाहिला की वहिनींना वाटलं, भाच्यासाठी मुलगी सांगून आली आहे. फोटोतल्या बोल्टचं डोकं मोजून त्यांनी बाकीची मापं काढायला घेतली. “हा बोल्ट बाराचा धरला तर पट्टी पंचवीसची. ह्यात हाय काय!”

तरी खात्री करायला ते लक्ष्मीपुरीत एका दुकानात गेले. मी सोबत होतो. अण्णांनी गिऱ्हाईक असल्यासारखा चेहरा केला, भाव विचारला, किंचित घासाघीस केली. दुकानदार फोनवर बोलायला वळला तसं खिशातून व्हर्नियर बाहेर आलं. खाचेची रुंदी, पंचाची जाडी, गाइडचा व्यास. अण्णा मापं पुटपुटत होते आणि मी, शाळेत आयुष्यभर कॉपी पकडलेला माणूस, ती बसच्या तिकिटामागं उतरवून घेत होतो. दुकानदारानं मागं न वळता विचारलं, “अण्णा, घेणार हाय का मापंच न्हेणार?” अण्णा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, “डाय नव्वदची केलीया. चुकलंय. अठ्ठ्याऐंशीची पायजे.” दुकानदारानं चहा मागवला.

पत्रा सोडला की थोडा मागं उघडतो, म्हणून काटकोन हवा असेल तर त्याला काटकोनापेक्षा थोडं जास्त दाबावं लागतं. अण्णांच्या भाषेत, “पत्र्याला नव्वद सांगितलं की त्यो ब्याण्णव ऐकतोय. म्हणून अठ्ठ्याऐंशी सांगायचं.” हे वहिनींनी ऐकलं आणि म्हणाल्या, “मग मी पण ह्यांना दोन पावसाळे आधी सांगायला पायजे हुतं.”

विकत का घेत नाही, या प्रश्नाला अण्णांकडं बाबूराव पेंटर हे उत्तर आहे. बाबूरावांनी याच कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. अण्णांना सिनेमात काडीचा रस नाही. पण कुणी ‘विकत’ हा शब्द उच्चारला की ते मान वर करून विचारतात, “बाबूराव पेंटरनी कॅमेरा इकत घेतला हुता काय?” यावर आजवर कुणाला बोलता आलं नव्हतं. यंदा वहिनी बोलल्या. “त्यांनी कॅमेऱ्यावर सिनेमा तरी काढला. तुमी मोटारीला टोपी घाला.”

काम सुरू झालं. शिरोलीच्या भंगारवाल्याकडून ट्रकचा जुना कमानपाटा आला, तो पंचासाठी. गाइडला एका मोटारसायकलच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे पाईप, कारण त्यांच्यावर क्रोमचा कडक थर असतो. स्प्रिंगा कुठल्याशा इंजिनच्या. डायच्या चौकोनी ठोकळ्याच्या चारी बाजूंना चार मापांचे व्ही पाडायचे ठरले. पत्र्याच्या जाडीच्या आठपट खाच हा धंद्यातला हिशोब. दीडच्या पत्र्याला बाराची, दोनच्याला सोळाची, तीनच्याला चोवीसची. अण्णा हे पाढ्यासारखं म्हणतात. तीन मिलिमीटरचा फूटभर पत्रा वाकवायला साडेसात टनांच्या आसपास जोर लागतो, म्हणजे वीस टनी जॅक आरामात पुरतो, हेही त्यांनी मला गणित मांडून पटवलं. मला ते आधीपासूनच पटलेलं होतं, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नाही.

खर्चाची एक वही आहे. तीत पाट्याचे किलोप्रमाणे पैसे लिहिलेत, बोल्टचे लिहिलेत. शिरोलीच्या खेपांचं पेट्रोल लिहिलेलं नाही, “तिकडं जाणारच हुतो.” कटिंग व्हील लिहिलेली नाहीत, “ती घरातच हुती.” उद्यमनगरातल्या जुन्या शेपरवर खाचा पाडून दिल्या त्या मित्राला जेऊ घातलं, तो तांबडा-पांढरा रस्सा वहीत नाही. “त्यो काय दरवर्षी जेवतोय.” बेरीज अर्थातच बाजारभावाच्या निम्मी येते आणि अण्णा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. वहिनींची वही वेगळी आहे. ती त्या कुणाला दाखवत नाहीत, फक्त तिच्याकडं एकदा बघून घेतात.

पहिला पंच तडकला. लाल करून जुन्या तेलात बुडवला, कडक झाला, पण त्यानंतर पुन्हा थोडं तापवून त्याचा कडकपणा उतरवायचा असतो, तो धीर झाला नाही. बेंड बघायची घाई. जॅकचा दांडा तीनदा मारला आणि असा आवाज झाला की पलीकडच्या घरातले दोघं बाहेर आले. अण्णांनी दोन तुकडे उचलले, तुटलेली जागा उन्हात धरून बघितली आणि समाधानानं म्हणाले, “दाणा बघा कसा बारीक आलाय!” ते तुकडे आता देवळीत आहेत. पाहुण्यांना आधी ते दाखवतात, मग दुसरा पंच.

दुसऱ्या पंचानं पत्रा वाकला, पण मधोमध नव्वद आणि दोन्ही कडांना त्र्याण्णव. जॅकचा जोर मध्ये पडतो, त्यामुळं पंचाची पट्टी कडांना किंचित वर राहते. अण्णांनी पट्टीच्या पाठीवर जाड बरगडी वेल्ड केली, पाऊण दोष गेला. उरलेल्या पावासाठी डायच्या दोन टोकांखाली पातळ काहीतरी घालून उंची द्यावी लागते आणि इथं लग्नसराई कामाला आली. लग्नपत्रिकेचा कागद एकसारख्या जाडीचा असतो. तेव्हापासून आमच्या गल्लीत पत्रिका आली की अण्णा आधी मायक्रोमीटर लावतात आणि मग नावं वाचतात. कोपऱ्यावरच्या घरची मंडळी मुलीची पत्रिका घेऊन आली, अण्णांनी ती तिथंच दाबून पाहिली आणि खुशीत म्हणाले, “पॉइंट चार! चांगलं घर दिसतंय.” पाहुण्यांना ते आवडलं. पोरीचं लग्न सुखरूप पार पडलं आणि तिची पत्रिका आज डायच्या डाव्या टोकाखाली आहे.

अखेर एका संध्याकाळी पत्र्याची पट्टी वाकली, गुण्या लावला आणि टोकापासून टोकापर्यंत उजेडाची फट दिसली नाही. अण्णांनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. प्रत्येकाला एकेक बेंड मारायला दिला. मीही मारला. पत्रा अगदी गुपचूप वाकतो, त्यात खरंच एक सुख आहे, हे मान्य करायला हवं. मी विचारलं, एका दिशेनं वाकवला की धड वाकतो आणि दुसऱ्या दिशेनं वाकवला की कधीकधी बाहेरून चिरतो, असं का? अण्णा म्हणाले, “मास्तर, शिळी भाकरी दुमडून बघा. पत्रा लाटून केलेला असतो. लाटण्याच्या ओळीला आडवा बेंड मारायचा, ओळीच्या संगं मारला की तडा.” मुख्याध्यापक असतो तर मी त्यांना आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला ठेवलं असतं.

तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक घरात निदान एक तरी काटकोन आहे. माझ्याकडं पुस्तकं टेकवायचे कोन आहेत, देवघराला पत्र्याची चौकट आहे, दूधवाल्याच्या सायकलला कॅन अडकवायची पट्टी आहे, रिक्षावाल्याच्या मागच्या दिव्याला कंस आहे. मोटारीला टोपी नाही. चार बेंडची टोपी अण्णांनी केली, बसवून पाहिली आणि काढून ठेवली. आतली मोटार तापणार, टोपीला हवा जायला तिरक्या फटी पायजेत, म्हणजे लूव्हर. लूव्हर पाडायला वेगळी डाय लागते. भाच्यानं फोटो पाठवला आहे. मोटारीवर सध्या निळी प्लॅस्टिकची बादली पालथी आहे आणि बादलीवर वीट.

तुम्हाला पत्रा वाकवून हवा असेल तर अण्णांकडं जरूर या. जाडी तीन मिलिमीटरपर्यंत, लांबी फुटापर्यंत, पैसे घेत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर या, लग्नाची पत्रिका असेल तर घेऊन या, आणि हे तयार मिळतं असं मात्र त्यांच्यासमोर बोलू नका.