मामा, पाच मीटर!

आमच्या भाच्याला वर्षाकाठी तीन उन्हाळे लागतात. नोव्हेंबर ते मार्च अंटार्क्टिकाचा, जून ते ऑगस्ट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डचा आणि मधल्या सुट्टीत आमच्या नवा रायपुरचा. पहिल्या दोहोंत पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, तिसऱ्यात 44 ला जाऊन बसतो. पर्यटकांच्या जहाजावर तो गाइड आहे.

“तिकडे दाखवायला आहे काय? बर्फच ना?” शेजारच्या निवृत्त अवर सचिवांनी विचारलं. नवा रायपुरच्या सेक्टर 27 मध्ये राहणाऱ्या माणसानं हे विचारावं! इथल्या रुंदच रुंद रस्त्यांवर पाहायला तरी रस्त्याखेरीज काय आहे? अंटार्क्टिकाची बोट गोव्याहून सुटते, हेही त्यांनी ठणकावून सांगितलं. ते अगदीच खोटं नाही. डिसेंबर 1981 मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली होती. हौशी पर्यटक मात्र बहुतेक अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघतात आणि सुमारे 800 किलोमीटर रुंदीच्या ड्रेक सामुद्रधुनीत खाल्लेलं सगळं समुद्रार्पण करत पलीकडे पोचतात.

भाच्याच्या कामात दाखवणं थोडं, अडवणं फार. किनाऱ्यावर एका वेळी शंभरच माणसं, वीस जणांमागे एक गाइड. उतरण्याआधी बूट धुवायचे, खिसे व्हॅक्युमनं साफ करायचे. आपल्या माणसाच्या खिशात बडीशेप निघायचीच, आणि नियमाच्या लेखी ते परकं बियाणं! किनाऱ्यावर खायचं नाही, लघवीला जायचं नाही, आणि बर्ड फ्लू आल्यापासून खाली टेकायचंही नाही.

“मग लोक एवढे लाखो रुपये भरतात कशाला?” ताईनं विचारलं.

“पेंग्विन बघायला. पाच मीटरवरून.”

“आणि तोच जवळ आला तर?”

“तर आपण गप्प उभं राहायचं. वाटेवर पहिला हक्क त्याचा.”

हे नुसतं बोलणं असेल असं मला वाटलं होतं. परवा गाडीनं जंगल सफारीला निघालो, तर रस्त्याच्या ऐन मधोमध सात-आठ गाई रवंथ करत बसलेल्या. मी हॉर्नवर हात ठेवला. भाचा टुणकन खाली उतरला, दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला आणि ओरडला, “मामा, पाच मीटर!” मागून आलेल्या दोन मोटारसायकली आणि एक शाळेची बसही त्यानं थोपवली. “का होगे भइया?” एकानं विचारलं. भाच्यानं ओठावर बोट ठेवलं, आणि लोकांनी चक्क ऐकलं! पांढऱ्या गाईनं मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शेपटीनं एक माशी उडवली आणि पुन्हा डोळे मिटले. आम्ही पोचलो तेव्हा सफारीची आमची बस निघून गेली होती. पुढच्या बसमध्ये एक गृहस्थ जाळीला नाक लावून “शेर कहाँ है?” म्हणत होते, आणि तिथला गाइड त्यांचा हात आत घेत होता. दोघा गाइडांची नजरानजर झाली. सोयरीक जुळायला आणखी काय लागतं?

खरी सोयरीक मात्र जुळत नाही. ताईनं वधूवर मंडळाचा फॉर्म आणला, तो ‘नोकरीचं ठिकाण, राज्य, देश’ या रकान्यापाशी अडला. अंटार्क्टिका कुणाच्याच मालकीचा नाही, 1959 च्या कराराप्रमाणे तिथले सगळ्यांचे दावे गोठवून ठेवलेत, असं भाच्यानं समजावलं. ताईनं ‘स्वतंत्र’ असं लिहिलं. स्वालबार्डला खांद्यावर रायफल असते, हे तिनं लिहिलं नाही. ती अस्वलांसाठी असते. 2025 पासून त्यांच्यापासून 300 मीटर लांब राहायचं, मार्च ते जून 500. रायफल चालवायची वेळ आली तर गाइड नापास, हे त्याचं मत. जावई म्हणून मला हा मुलगा पसंत आहे. तो अंतर राखून वागतो.

स्थळ सुचवायचं असेल तर मे संपायच्या आत कळवा. जूनमध्ये तो अस्वलांकडे जातो आणि तिकडे फोनला रेंज नसते.