असेंबल कॉम्प्युटरला लॅन कार्ड : भालकी-औरादच्या नवशिक्यांसाठी

आधी पोर्ट मेल्याची खात्री करा. मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात, केबलवाल्याची तांब्याची वायर पाच-सहा गच्च्यांवरून लोंबकळत घरात आलेली असते, आणि मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट सगळ्यात आधी जातो. बाकी सगळं चालू, फक्त नेट येईना. वाईट वाटून घेऊ नका. बीदरचा 1472 सालचा महमूद गवानचा मदरसा दोन शतकांनी दारूच्या स्फोटात अर्धवट ढासळला, आणि तो भडकाही विजेनंच उडाला असं सांगतात.

आता कार्ड. रियलटेक चिपचं साधं गिगाबिट कार्ड पुरतं. ते बीदरला किंवा उदगीरला पाहा. नाहीच मिळालं, तर हैदराबादला दवाखान्यासाठी निघालेला शेजारी गाठा आणि येताना सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये डोकवायला सांगा. तो भलतंच कार्ड आणेल. म्हणून डब्याचा फोटो आधी पाठवा.

विजेची वायर काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग कार्ड छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये दाबा. तो स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली गाडला गेला असेल तर मोठ्या रिकाम्या स्लॉटमध्येही बसतं. दुकानदार हे सांगत नाही.

विंडोजनं कार्ड ओळखलं तर नशीब. नाही ओळखलं तर ड्रायव्हर हवा. तो डब्यातल्या इवल्याशा सीडीत असतो, आणि नव्या कॅबिनेटला सीडी घालायला जागाच नसते. कंपनी म्हणते, साइटवरून उतरवून घ्या. म्हणजे नेट यायला नेट पाहिजे! इथं बहुतेक जण पुण्यातल्या आयटीवाल्या भाच्याला फोन लावतात. तो ‘मामा, रिस्टार्ट करून बघा’ म्हणतो. त्याऐवजी मोबाइल डेटा केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला मिळतं, ड्रायव्हर उतरतो. लिनक्सवाल्यांना बहुधा यातलं काहीच करावं लागत नाही. ते तसं सांगतीलच, न विचारता.

पोर्टचा दिवा लागत नसेल तर कार्डाला शिव्या देऊ नका, केबल बघा. आतल्या आठ तारांपैकी 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या धड असल्या की 100 एमबीपीएसपर्यंत काम भागतं. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की गिगाबिट विसरा. दिवा लागला, पण कॉम्प्युटरचा आयपी पत्ता 169.254 नं सुरू होतो? म्हणजे पलीकडून पत्ता कुणी दिलाच नाही, कॉम्प्युटरनं आपलाच एक ठरवला.

राउटर नसेल आणि केबल थेट कॉम्प्युटरला येत असेल, तर शेवटची मेख इथं आहे. बऱ्याच केबलवाल्यांकडे जुन्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची स्वतःची ओळख, बांधलेला असतो. नवं कार्ड, नवा पत्ता. तो फोनवरून कळवावा लागतो. बारा अक्षरं, आकडे आणि ए ते एफ. केबलवाला खांबावर, वारा सुटलेला, बी आणि डी सारखेच ऐकू येतात. गावं वापरा : ए औरादचा, बी भालकीचा, सी चिटगुप्प्याचा, डी देवणीचा (सीमेपलीकडची आहे, चालते), ई एकंब्याचा. एफसाठी कलबुर्गीकडं जावं लागतं, फरहताबादला.