घरगुती भारनियमन

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होणार आहे. केंद्राने २०२३ साली त्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली. अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत ते कळणार. आपल्या गल्लीतली डीपी जळाली हे कुणाला कळवायचं, एवढंच आता विज्ञानाकडून राहिलंय. तोवर हिंगोलीकर इन्व्हर्टर घेतो. लाइट असते तिचं बिल भरायचं आणि नसते तिच्यासाठी बॅटरी घ्यायची. स्थिर आकार मात्र ती असो-नसो लागतोच.

दुकानात शेठ विचारतो, "किती व्हीएचा देऊ?" व्हीए म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नसतं आणि ते शेठला ठाऊक असतं. म्हणून आपण ऐटीत म्हणतो, "मोठाच द्या." चार-पाच हजार इथंच जातात. खरं तर त्याच पावली घरी येऊन पंखे मोजावेत. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी तीसेक, एलईडी बल्ब ९. बारा व्होल्टची १५० एएच बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तासांची. पण ती पार तळाला न्यायची नसते, शिवाय इन्व्हर्टर आपला वाटा काढून घेतो, त्यामुळे हाती येतात जेमतेम बाराशे. (मंजूर रक्कम आणि हाती पडणारी रक्कम यांतला फरक मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही.) तेवढ्यात दोन जुने पंखे आणि चार बल्ब सहा तास चालतात. पंखे बदलले तर तीच बॅटरी बारा तास पुरते. म्हणजे बॅटरी स्वस्तात पाडायची असेल तर आधी पंख्याच्या दुकानात जावं. पण "नवीन पंखा आणला" असं पाहुण्यांना सांगण्यात काय मजा?

मग वॉरंटी. खोक्यावर साठ महिने ठळक छापलेले असतात. खाली बारीक अक्षरात ३६ अधिक २४. छत्तीस महिने बॅटरी बदलून मिळते, पुढचे चोवीस महिने नवी घेताना सूट. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर स्वस्त पडतो, पण त्यावर पंखा असा घुमतो की आजोबांना पाऊस आल्यासारखं वाटतं. लिथियमला पाणी घालावं लागत नाही, ती लवकर भरते, जास्त वर्षं टिकते. किंमत ऐकली की प्रत्येक जण म्हणतो, "हळद विकली की बघू."

शेठ एक प्रश्न कधीच विचारत नाही : लाइट येते किती वेळ? रिकामी झालेली लेड-ॲसिड बॅटरी पुरती भरायला दहा-बारा तास लागतात. लाइट तासभर येणार, तीही जुन्या बल्बची तार नुसती लाल होईल एवढ्या व्होल्टेजची, तर मोठी बॅटरी मोठ्या प्रमाणावर उपाशी राहते.

बॅटरी अशी अर्धपोटी राहिली की घरात भारनियमन सुरू होतं. २०१२च्या आगेमागे फीडरचे ए ते जी-३ असे गट होते. गळती जास्त, वसुली कमी, तर अंधार जास्त. आमच्याकडे तेच धोरण लागू आहे. अध्यक्षपदी अर्थातच सौभाग्यवती. आजोबांचा पंखा आणि बारावीवाल्या मुलीचा बल्ब ए गटात. वायफायचा राउटर जेमतेम दहा वॉटचा, तरी त्याला बी गट मिळायला तीन बैठका झाल्या. टीव्ही मालिकेपुरता ए, बातम्यांना जी. मिक्सर, इस्त्री कायमची बंद. पुण्याहून आलेला मेहुणा लॅपटॉप, दोन मोबाइल आणि कानात घालायचं काहीतरी असं सगळं एकदम लावतो. गळती प्रचंड, वसुली शून्य. तो जी-३.

शेजाऱ्यांनी मात्र सरळ छतावर सोलर बसवलं. तीन किलोवॉट, केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली आणि त्यांचंही घर बंद! बॅटरी नसलेलं सोलर लाइन गेली की आपणहून थांबतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. हे त्यांना छपरावरच्या रणरणत्या उन्हात उभं राहून, फोनवरून सोलरवाल्याकडून समजलं. फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर आली, तसे चार्जर घेऊन आमच्याकडे आले.

सौभाग्यवतींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि मेहुण्याला सांगितलं, "तुझी पिन काढ. यांच्याकडून निदान गेल्या महिन्याची वाटीभर साखर परत आलीय."