आमची मुलगी बिघडवल्याबद्दल : सोलच्या स्टेशनमास्तरांना अनावृत पत्र

प्रति,
मा. स्टेशनमास्तर,
सोल स्टेशन, दक्षिण कोरिया.

विषय : डोंबिवली पूर्वेची एक सरळमार्गी मुलगी बिघडवल्याबाबत तक्रार.

महोदय,

अर्जदार हे डोंबिवली पूर्वेतील एका चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीचे रहिवासी असून सदर विद्यार्थिनीचे काका लागतात. सख्खे नव्हेत, पण पुतणीच्या फोटोंवर लक्ष ठेवायला सख्खेपणाची अट नसते. दीड वर्षापूर्वी ती आपल्या शहरी पदव्युत्तर शिक्षणासाठी रवाना झाली, तेव्हा अस्सल डोंबिवलीकर होती. गाडी पुरती थांबायच्या आत डब्यात शिरायची, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकून ठाण्यापर्यंत झोप काढायची, आणि परीक्षेच्या दिवसांत बसायला जागा मिळावी म्हणून उलट कल्याणला जाऊन ‘रिटर्न’ यायची. परवा सुट्टीवर आली, ती फलाटावर दाराच्या रेषेपासून बाजूला उभी राहिली. म्हणाली, “काका, आधी उतरणाऱ्यांना उतरू दे.”

तीन गाड्या गेल्या. चौथीत अर्जदार चढले. सदर विद्यार्थिनी अजून उतरणाऱ्यांना उतरू देत होती.

आपली मेट्रोची पहिली लाइन सुरू झाली १५ ऑगस्ट १९७४ रोजी. आमची ठाण्याची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ची. म्हणजे आमचं ठाणे आपल्यापेक्षा १२१ वर्षांनी मोठं, आणि कोरियात वयाला किती मान असतो हे सदर मुलगी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ऐकवते. तेव्हा या वडीलकीच्या नात्याने चार शब्द सुनावायचा अधिकार अर्जदारास आहे, असं समजून पुढे वाचावं.

पहिली तक्रार गुलाबी सीटची. आपल्या मेट्रोत गरोदर बायकांसाठी गुलाबी जागा राखून ठेवलेली असते आणि गर्दीतही ती बरेचदा रिकामी दिसते, असा फोटो तिने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. रिकामी सीट! भोवती माणसं उभी, आणि सीट रिकामी! आमच्याकडे तिघांच्या बाकावर चौथा बसतो आणि पाचवा ‘जरा सरका’ म्हणतो. मुलीच्या वडिलांनी तो फोटो मोठा करून पाहिला, सीट मोडकी तर नाही ना म्हणून.

तरी अर्जदारास एवढं मान्य आहे की आपल्याकडेही सगळंच काही आलबेल नाही. किम्पो शहरातून निघणारी गोल्ड लाइन, २०१९ साली सुरू झालेली, तिला डबे दोनच. सकाळी तिथे माणसं घुसमटून बेशुद्ध पडल्याच्या बातम्या कोरियाभर गाजल्या. अशा गाड्यांना आपल्या लोकांनी शब्दही काढलाय : ‘जिओकछल’. कोरियनमध्ये ‘जिओक’ म्हणजे नरक आणि मेट्रोला म्हणतात ‘जिहाछल’. दोन्ही जोडून नरकगाडी. एका मैत्रिणीकडे जाताना सदर मुलगी सकाळच्या गर्दीत त्या गाडीत चढली, दोन्ही हात छातीशी घेऊन पर्स पुढे धरून शांतपणे उभी राहिली आणि घरी मेसेज केला, “आज पहिल्यांदा घरची आठवण आली.” कोरियन सहप्रवासी घामाघूम, ही निवांत. आमच्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग झाला.

आता नातेसंबंधांविषयी. कोरियात ओळख झाली की आधी वय विचारतात, मग काय म्हणून हाक मारायची ते ठरतं. जन्मतःच बाळ एक वर्षाचं आणि १ जानेवारीला सगळा देश एकदम वर्षाने मोठा, ही आपली जुनी मोजणी २८ जून २०२३पासून कायद्याने बाजूला ठेवली गेली. पण कॉलेजात आधी आलेला तो ‘सनबे’, मागून आला तो ‘हूबे’, हे कुठल्याच कायद्याला हलवता आलेलं नाही. मुलगी मोठ्या मुलीला ‘ऑन्नी’ म्हणते, मोठ्या मुलाला ‘ओप्पा’. तिने घरी समजावलं, “ओप्पा म्हणजे दादा.” आईने मान डोलावली. आत्याने डोलावली नाही. आत्याने लॉकडाउनपासून हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिकांचा फडशा पाडलेला आहे आणि ओप्पा हा कोणकोणत्या प्रकारचा दादा असू शकतो हे तिला पक्कं ठाऊक आहे.

खाणावळीतल्या बाईला कोरियन माणूस हाक मारतो ‘इमो’, म्हणजे मावशी. आईची बहीणही इमो आणि सूप वाढणारीही इमो. आमच्याकडे भाजीवालीपासून शाळेतल्या शिपाईबाईपर्यंत सगळ्या मावश्याच. शिवाय आपले लोक ‘माझी आई’ न म्हणता ‘आमची आई’ म्हणतात, आणि बायका ‘आमचा नवरा’ म्हणतात, यावर तिच्या वर्गातली एक जर्मन मुलगी आठवडाभर गोंधळलेली होती. सदर मुलीला काहीच नवल वाटलं नाही. तिची आजी साठ वर्षं ‘आमचे हे’ म्हणत आली आहे. भेटल्यावर ‘जेवलीस का?’ विचारणं हेही तिला शिकवावं लागलं नाही.

गैरसमज झाला तो ‘च्हा’मुळे. कोरियनमध्ये च्हा म्हणजे चहा, आणि च्हा म्हणजे फेरीसुद्धा. संध्याकाळचा कार्यक्रम फेऱ्यांनी चालतो : इल-च्हा म्हणजे पहिली फेरी जेवणाची, इ-च्हा दुसरी, बहुधा बिअरची, आणि सम-च्हा म्हणजे तिसरी ‘नोरेबांग’ची. नोरेबांग म्हणजे तासावर भाड्याने मिळणारी, माइक लावलेली गाण्याची खोली. एका शनिवारी तिने आईला फोनवर सांगितलं, “काल सम-च्हापर्यंत थांबलो.” आई म्हणाली, “तीन कप? मग झोप कशी येणार?” हा खुलासा आजतागायत झालेला नाही. आपणही करू नये, ही विनंती.

आणि त्या सम-च्हानंतर मेट्रो बंद झालेली असते, म्हणून ही मंडळी पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट बघत गात बसतात. पहिली गाडी! डोंबिवलीत पहिली गाडी पकडतात ती कामाला जाण्यासाठी. ती पकडून घरी झोपायला जाणारी माणसं अर्जदाराने पाहिलेली नाहीत. आपल्या देशातला तासाचा किमान पगार २०२५मध्ये १०,०३० वॉन झाला, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. कामाची परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी दुकानात उभं राहायचं आणि ते पैसे माइकवर घालवायचे, हे अर्थशास्त्र तिला आम्ही शिकवलेलं नव्हे.

जेवणाचा प्रश्न मात्र गंभीर होता. सदर मुलगी शाकाहारी. पहिल्या महिन्यात ‘मांस नको’ एवढं कोरियन वाक्य पाठ करून ती हॉटेलात गेली. मांस आलं नाही, ट्यूना आला. मासळीला कुणी मांस म्हणत नाही, हा तर्क कोकणातल्याही बऱ्याच घरांना पटेल, पण तिचं पोट भरेना. ज्या किमचीवर तिने भिस्त ठेवली होती, तिच्यात खारवलेली कोलंबी निघाली. शेवटी विद्यापीठामागच्या एका इमोने तिच्यासाठी बिनकोलंबीची किमची वेगळ्या डब्यात घालायला सुरुवात केली. त्याचे पैसे इमो घेत नाही. विचारलं तर रागावते.

मग तिला मठातलं जेवण सापडलं. आपल्याकडच्या बौद्ध मठांत मांस तर नाहीच, पण कांदा-लसणाच्या जातीच्या पाच उग्र भाज्याही चालत नाहीत. आमच्याकडे हे चातुर्मासात, तेही आजी असेपर्यंत; तिकडे बारमास. बेग्यांगसा मठाच्या परिसरातल्या भिक्खुणी जंग क्वान तर अशा स्वयंपाकासाठी जगभर ओळखल्या जातात. मठात मुक्कामाची सोय झाली २००२मध्ये, फुटबॉल विश्वचषकाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या कमी पडतील म्हणून. सदर मुलगी तिथे दोन रात्री राहिली, पहाटे घंटेला उठली, स्वतःचं ताट स्वतः धुतलं. याचा व्हिडिओ तिच्या आईने सोसायटीत सगळ्यांना दाखवला. घरी तिने कधी ताट उचललं होतं का, हा प्रश्न तळमजल्याच्या काकूंनी विचारला. अर्जदार त्याला दुजोरा देत नाहीत आणि नाकारतही नाहीत.

प्रवासाचं तर विचारूच नका. सोल ते बुसान चारशे किलोमीटरच्या वर, ते आपली केटीएक्स गाडी अडीच तासांच्या आसपास कापते. रविवारी मेगाब्लॉक असला की डोंबिवलीहून दादरच्या लग्नाला पोचायचे दोन तास धरून चालतो, त्यामुळे ‘सकाळी बुसानला जाऊन समुद्र बघून रात्री परत’ हे वाक्य घरी कुणालाच खरं वाटलं नाही. एका शनिवारी ती बुखानसान डोंगरावर गेली. त्याचं बेगुन्दे हे शिखर ८३६ मीटर, आमच्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. तरी वाटेवर सत्तरीतल्या आजी नखशिखांत ट्रेकिंगच्या कपड्यांत, हातात दोन-दोन काठ्या, आणि पिशवीतून काढून अनोळखी पोरांना सोललेली काकडी देणाऱ्या. मलंगगडावर भेटणारी आमची माणसं चपलेत चढतात, पण काकडी तीही देतात, मीठ लावून.

यावर आपण म्हणाल, ही मुलगी अभ्यास कधी करते? परदेशी शिकायला गेलेल्या मुलीची अशी उलटतपासणी एकशे चाळीस वर्षांपूर्वीही झाली होती. कल्याणला वाढलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात कारकून. पत्र पाठवायची सोय हाताशी, त्यामुळे उपदेश आणि टोमणे नियमित पोचत. आनंदीबाई तिकडे, त्यांना ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या घरच्या झाल्या, थंडीपायी पेहरावात बदल करावा लागला, आणि ऑक्टोबर १८८५मध्ये जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लांबुली या तिथेच शिकणाऱ्या दोघींबरोबर त्यांनी फोटो काढून घेतला. तिघी आपापल्या देशी वेषात, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. पुढच्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि त्यानंतर वर्षही पुरं व्हायच्या आत पुण्यात वारल्या. गोपाळरावांच्या पत्रांपेक्षा तो फोटो जास्त लोकांनी पाहिला आहे. अर्जदार हे पत्र लिहिताना याचा विचार करून दोनदा थांबले. तरी लिहीत आहेत.

कारण एक तक्रार उरली आहे आणि ती थट्टेची नाही. सदर मुलगी रात्री अकरा वाजता हान नदीच्या काठी बसते. दुकानातल्या मशीनवर शिजवलेले राम्यन नूडल्स खाते, गवतावर चटई टाकून उझबेकी आणि व्हिएतनामी मैत्रिणींशी मोडक्या कोरियनमध्ये भांडते, आणि मग एकटी चालत खोलीवर जाते. डोंबिवलीत साडेनऊला तिची आई खिडकीत उभी असायची. छुपे कॅमेरे लावून बायकांचं चित्रण करणाऱ्यांविरुद्ध २०१८मध्ये सोलच्या रस्त्यावर हजारो बायका उतरल्या होत्या, हे अर्जदारास माहीत आहे. २९ ऑक्टोबर २०२२च्या रात्री सोलमधल्या इटेवनच्या एका चिंचोळ्या उतरत्या गल्लीत दीडशेहून जास्त जण चेंगरून गेले, बहुतेक विशी-तिशीतले, फक्त मजा करायला आलेले. ती बातमी वाचताना आम्हाला २९ सप्टेंबर २०१७ची एल्फिन्स्टनच्या पुलावरची चेंगराचेंगरी आठवली, आणि ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातून माणसं पडल्याची बातमी आली तेव्हा पुन्हा इटेवन. गर्दीचं गणित आपल्यालाही सुटलेलं नाही. पण पोरांना नुसतं बसायला, पैसे न मोजता, रात्री उशिरापर्यंत, आपल्या शहरात एक लांबलचक काठ आहे. आमच्या पोरांना फडके रोड आहे. दिवाळीच्या पहाटे आणि पाडव्याच्या शोभायात्रेला तो त्यांचा असतो, झब्बे-साड्या घालून सगळं डोंबिवली तिथे लोटतं. उरलेलं वर्षभर तो रिक्षांचा. ठाण्याला तलावपाळी आहे, तिथे कट्ट्यावर जागा मिळण्याचे नियम चौथ्या सीटचेच.

२०२४मध्ये आपला छुसॉक सण १७ सप्टेंबरला आला, त्याच दिवशी आमची अनंत चतुर्दशी. सगळं सोल गाडी पकडून गावी गेलेलं, जसं गणपतीत ठाणे-डोंबिवली कोकणात रिकामं होतं. वसतिगृहात उरल्या त्या परदेशी पोरी. त्यांनी शाडू नाही म्हणून कणकेचा गणपती केला होता, तो बादलीत विसर्जित केला. व्हिएतनामी मुलीने आरतीला टाळ म्हणून दोन स्टीलच्या वाट्या वाजवल्या. पुढच्या वर्षी छुसॉक आला ६ ऑक्टोबरला, कोजागिरीला. त्या रात्री नदीकाठी दूध आटवायला शेगडी चालत नाही म्हणून त्यांनी दुकानातलं केळ्याच्या चवीचं दूध प्यायलं. चंद्र दोन्हीकडे तोच होता, पण आमच्या गच्चीवरून तो पाण्याच्या टाकीमागे गेला होता.

तरी विनंती की, सदर विद्यार्थिनी जुलैमध्ये परत यायच्या आधी तिच्याकडून दारातून आत कसं घुसायचं याचा आठवडाभर सराव आपल्याच किम्पो लाइनवर गर्दीच्या वेळी करून घ्यावा. येणारच नाही म्हणाली, तर अर्जदारास न कळवता थेट तिच्या आईला कळवावं.

आपला,
एक डोंबिवलीकर काका

सोबत : कैरीच्या लोणच्याची बरणी, एक. सदर विद्यार्थिनीने ती वाटेत उघडू नये. विद्यापीठामागच्या मावशींना द्यायची आहे.