विसोबांचे पाय आणि कलम २९९

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पसरले होते, ही आख्यायिका आपण कीर्तनात मान डोलावत ऐकतो. नर्सीचे नामदेव हटकतात, तर विसोबा म्हणतात, जिथे पिंड नाही तिथे नेऊन ठेव बाबा माझे पाय. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड! हाच प्रसंग एखाद्या नवख्या दिग्दर्शकाने संतांची नावं न घालता दाखवला, तर संध्याकाळपर्यंत निवेदनं, घोषणा आणि धार्मिक भावना दुखावल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९९. नामदेवांनी विसोबांना गुरू केलं. आपण आरोपी केलं असतं.

यावर उत्तर तयार असतं: विसोबा अधिकारी पुरुष, सिनेमावाला पोटार्थी. मान्य. पण विसोबांचा अधिकार कळला तो पाय उचलल्यावर. आधी दिसली ती नुसती तंगडी. शिवाय भावना दुखावल्या एवढ्यावर कायद्याचंही भागत नाही, तो बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू मागतो. श्रद्धेची खिल्ली उडवून गल्ला भरणारे आहेतच, त्यांच्यासाठी ही अट पुरेशी आहे. मात्र हेतू तपासायचा तर सिनेमा आधी पाहावा लागतो, आणि एवढी सवड कुणाला? बरं, भक्तिभावाने काढलेले चित्रपट तरी कुठे सुटले? १९३५ साली प्रभातने एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचं ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरला खटकलं. तो ‘धर्मात्मा’ होऊन झळकला. २०२५ मध्ये ‘फुले’ चित्रपटातून जातींची नावं काढायला सेन्सॉर बोर्डाने सांगितलं. जाती मात्र विनाकात्री चालू आहेत.