आयडी नवी, डाव जुनाच

बीबीतल्या एका पोराची आयडी बॅन झाली. बापाच्या कानावर एवढंच आलं आणि त्याला वाटलं, पोराचं आधारच बंद झालं. आता रेशन तुटणार, पीकविम्याचा अर्ज लटकणार, लोणारला तहसीलीत खेटे घालावे लागणार, या धास्तीनं त्यानं सगळ्या झेरॉक्स काढून गाडीच्या डिक्कीत टाकल्याही. मग उलगडा झाला. आयडी गेमची होती. बीजीएमआय, म्हणजे पबजीच, पण भारतीय नावाची. बापानं झेरॉक्स परत कपाटात ठेवल्या आणि तो निवांत झोपला. पोरगं मात्र जेवलं नाही.

ज्यांच्या घरची पोरं अजून अंगणात खेळतात अशा दुर्मीळ वाचकांसाठी थोडी माहिती. या खेळात शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात. ओस पडलेल्या घरांमध्ये शिरून बंदुका, हेल्मेट, मलमपट्टी गोळा करतात. याला लूट म्हणतात आणि ती कायदेशीर आहे. मग खेळायची जागा आवळत जाते आणि शेवटी जो गडी किंवा जी टीम उरते ती जिंकते. जिंकणाऱ्याला चिकन डिनर मिळतं. ते श्रावणातही चालतं, कारण ते फक्त पडद्यावर लिहून येतं.

आमच्या पोराचा गुन्हा असा की त्याच्या मोबाइलमध्ये ‘हॅक’ होतं. बंद शटरच्या दुकानाच्या पायरीवर चौघं मांडी घालून बसलेली असताना मी मागून डोकावलो होतो. तिघांच्या पडद्यावर गवत, भिंती, आभाळ असं साधंसुधं जग होतं. याच्या पडद्यावर मात्र भिंतीपलीकडच्या प्रत्येक माणसाभोवती लाल चौकट, चौकटीवर त्याचं नाव, किती मीटर लांब आहे तो आकडा आणि त्याच्यापर्यंत जाणारी एक रेघ. तलाठ्याकडेसुद्धा गावाची इतकी चोख नोंद नसते. शत्रू बिचारा खिडकीखाली दबा धरून बसलेला, आणि हा पठ्ठ्या भिंतीकडे बंदूक रोखून त्याच्या उठण्याची वाट पाहतोय. तो उठला, आणि डोक्यात गोळी. बाकीचे तिघं ओरडले, “वा रे प्रो!” त्याला प्रो कशानं केलं, हे तिघांनाही माहीत होतं. टेलिग्रामवर ‘की’ मिळते. दिवसाची, आठवड्याची, महिन्याची. रिचार्ज मारावा तशी मारायची.

कंपनी अशा आयड्यांना कायमची बंदी घालते. पबजी मोबाइलच्या जमान्यात ही शिक्षा दहा वर्षांची असायची. बॅन झालेल्यांच्या याद्या जाहीर होतात. मला या शिक्षेचं फार अप्रूप वाटलं. कारण मोबाइलमधल्या खोट्या बेटावर खोट्या भिंतीपलीकडचं पाहिलं म्हणून कायमची हकालपट्टी, आणि खऱ्या जगात टेंडर उघडायच्या आधी लिफाफ्याच्या आरपार पाहणाऱ्याला ‘अनुभवी कंत्राटदार’ म्हणतात.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात या प्रकरणावर दोन-तीन दिवस चर्चा चालली. एकमत असं झालं की मोबाइलनं पोरांची खिलाडूवृत्ती गेली. हे एकमत ज्यांच्यात झालं त्यांची ओळख करून द्यायला हवी. एक काका लहानपणी विटीदांडूत इतकी रडी खायचे की त्यांचा डाव आला की बाकीची पोरं जेवून यायची. दुसरे, बॅट त्यांची म्हणून पहिली बॅटिंग त्यांची, आणि आउट झाले की बॅट काखेत मारून घरी जाणारे. तिसऱ्यांनी तर तालुक्याच्या शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या संघातून कबड्डी खेळून बक्षीस आणलं होतं. त्या वर्षीचा संघाचा फोटो त्यांच्या घरी अजून भिंतीवर आहे आणि त्यात त्यांची मिशी स्पष्ट दिसते. या तिघांनी ठरवलं, की “आमच्या काळी असं नव्हतं.”

हे खरंच आहे. त्यांच्या काळी बॅन नव्हता.

चर्चेत उपाय निघाले. कुणी सांगितलं, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. कुणी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाचं उदाहरण दिलं, तिथल्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. आपणही भोंगा बसवू, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात लाईन गेली. हॉटेलात अंधार झाला, टॉवरची रेंज मंदावली आणि पायरीवरून चौघांचा एकदम कल्ला आला, “मेलो बे! नेट गेलं!” भोंग्याचा विषय तिथंच संपला. जे काम महावितरण आजवर बिनभोंग्याचं करत आलंय त्यासाठी ग्रामपंचायतीनं खर्च कशाला करायचा?

एवढ्यात बातमी आली की पोरगं पुन्हा खेळतंय. नवी आयडी काढली. बॅन आयडीला असतो, फार तर मोबाइलला, माणसाला नाही. अठरा वर्षांखालच्यांना पालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो त्यानं आजोबांच्या फोनवर मागवला. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असं बँकेनं आबांना इतक्यांदा बजावलंय की त्यांनी तो फक्त घरच्या माणसाला सांगितला, तोही मोठ्यानं. कागदोपत्री आता तिथं त्याचे पालक आबाच.

हॉटेलातली मंडळी खवळली. “ह्याले लाज कशी वाटत नाही? कायमचं हाकललं तं नवं नाव घेऊन परत?” मला मात्र पोराची बाजू घ्यावीशी वाटली. तो हे शिकला कुठून, ते तरी पाहा.

खुद्द गेमचीच कुंडली काढू. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारनं 118 ॲपांवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होती. 2 जुलै 2021 ला तीच नवी आयडी काढून आली, बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. नाव बदललं, नावात इंडिया आलं, बेट तेच राहिलं. जुलै 2022 मध्ये ही आयडीही प्ले स्टोअरवरून उडाली. मे 2023 मध्ये परत हजर, या वेळी तीन महिन्यांच्या परीक्षेवर. अट अशी की अठरा वर्षांखालच्यांनी दिवसाला तीनच तास खेळायचं आणि मोठ्यांनी सहा. शेतीपंपाला दिवसा आठ तास वीज मिळावी म्हणून आमच्याकडे माणसं मोर्चे काढतात. इथं सहा तास न मागता मंजूर. फ्री फायर या दुसऱ्या गेमची गोष्ट याहून झकास. 14 फेब्रुवारी 2022 च्या सुमारास 54 ॲपांच्या यादीत तिचं नाव आलं, पण तिची सख्खी बहीण फ्री फायर मॅक्स प्ले स्टोअरवर तशीच. पोरांनी व्हॅलेंटाइनला एकीचा शोक केला आणि दुसरी डाउनलोड केली. पुढं 2023 मध्ये फ्री फायर इंडिया या नावानं परत यायचं ठरलं, तेव्हा चेहरा घेतला महेंद्रसिंग धोनीचा. हा तोच धोनी, ज्यानं 2011 मध्ये नॉटिंगहॅमला धावबाद दिलेल्या इयान बेलला परत खेळायला बोलावलं होतं, आणि त्याबद्दल आयसीसीनं दशकातला खेळभावनेचा पुरस्कार दिला. एक खरा सभ्य खेळाडू या धंद्यात यायला निघाला, आणि कंपनीनं डावच पुढं ढकलला.

मंडळी म्हणाली, “ते कंपन्यांचं झालं. माणसानं तरी…”

माणसांचंही पाहू. जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, चित्रफीत गावोगाव फिरली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. ते मी मान्य करतो. जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक असते की सोयाबीनवर चष्म्याविना तुडतुडे शोधणं सोपं. पण पुढं झालं काय? जुलै संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि दुसरं मिळालं. कोणतं, तर क्रीडा व युवक कल्याण. बीबीच्या पोरानं हे वाचलं असतं तर नवी आयडी काढताना त्याचा हात एवढासाही थरथरला नसता.

पक्षांचं तर विचारूच नका. डाव मोडला की काहींना जुनी आयडी मिळते, काहींना नवी काढावी लागते, आणि खरा पासवर्ड कुणाकडे हे निवडणूक आयोग सांगतो. फेब्रुवारी 2023 मध्ये धनुष्यबाणाचं झालं, फेब्रुवारी 2024 मध्ये घड्याळाचं. मतदार तोच, लूट तीच, फक्त स्क्वॉड बदललं.

खेळातल्या हरामखोरीचा बाजार पोराटोरांचा राहिलेला नाही, हेही हॉटेलात मी सांगून पाहिलं. मार्च 2021 मध्ये चीनमधल्या कुन्शान पोलिसांनी टेन्सेंट कंपनीच्या मदतीनं हॅक विकणारी टोळी पकडली. दहा जण धरले, महागड्या गाड्या जप्त केल्या. धंद्याची उलाढाल 7 कोटी 60 लाख डॉलर सांगितली गेली. या प्रकरणाला नाव पडलं होतं ‘चिकन ड्रमस्टिक’, म्हणजे आपली तंगडी. काका म्हणाले, “मंग आपल्या पोट्ट्यानं कायले विकत घेतलं? विकायला पाह्यजे होतं.” खिलाडूवृत्तीवरची चर्चा यानंतर काही काळ उद्योजकतेकडे वळली.

आपला झेंडाही मागं नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइकची आशियाई स्पर्धा होती. ऑप्टिक इंडियाच्या संघातल्या एका खेळाडूच्या संगणकात, नेम आपोआप धरून देणारं सॉफ्टवेअर सापडलं. पंच आले तेव्हा तो ते घाईघाईनं बंद करू पाहत होता. फाईलचं नाव काय ठेवलं होतं? ‘वर्ड डॉट ईएक्सई’. संघ बाद झाला, पुढं अख्खा संघच मोडला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. सगळे त्या पोराला हसले. मला मात्र त्या नावात आपली प्रशासकीय परंपरा दिसली. ग्रामसभा व्हायच्या आधीच ठराव वर्डमध्ये टाइप होऊन, सूचक-अनुमोदकासकट तयार असतो. नेम आपोआप धरणाऱ्या फाईलीला दुसरं नाव शोभलंच नसतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता. 20 ला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. इतका जलद डाव फ्री फायरमध्येही होत नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून ड्रीम इलेव्हन या तसल्याच गेमचं नाव गेलं. त्याआधी कित्येक आयपीएल हंगामात आमच्या हॉटेलातले हेच तिघं काका रोज संध्याकाळी एकोणपन्नास रुपयांत करोडपती होत होते, पण तो कौशल्याचा खेळ होता.

या सगळ्यात मला खटकली ती एकच गोष्ट, आणि ती कुणीच बोललं नाही. त्या गेममध्ये ‘रिपोर्ट’ नावाचं बटण आहे. कुणी चोरी करून मारलं की ते दाबायचं. ज्या पोरांनी आमच्या पोराला रिपोर्ट केलं ती सगळी त्याच्या हातून मेलेली. परभणीची असतील, पाटण्याची असतील. पायरीवरच्या तिघांनी मात्र बटणाला हात लावला नाही. बरोबरच आहे, ते रोज त्याच्या जिवावर चिकन डिनर खात होते. मी एकाला विचारलं तर तो भाबडेपणानं म्हणाला, “आपल्याच टीमवाल्याले कोण रिपोर्ट करते?” हे ऐकून हॉटेलातली मंडळी पहिल्यांदाच पोराच्या पिढीवर खूश झाली. घरकुलाच्या यादीत नाव कुणाचं घुसलं, पांदणरस्त्याचं बिल कितीचं निघालं, हे बीबीतच काय, मेहकर ते सिंदखेडराजा कुठल्याही गावात सगळ्यांना ठाऊक असतं. बटणही असतं. पण टीम आपली असते.

पोरावर आता नवी आयडी वाढवायची जबाबदारी आहे. शून्यापासून, खालच्या पायरीवरून. हॅकविना खेळतोय, निदान सध्या तरी, म्हणून दर डावात पहिल्या पाच मिनिटांत मरतो. बाकीचे तिघं त्याला घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, नूब झाला, म्हणजे कच्चा. परवा आबा त्याच्याशेजारी पायरीवर येऊन बसले. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

“मले एकडाव नीट सांग,” आबा म्हणाले. “जुनी आयडी बुडाली. नवी काढली. खेळणारा तूच?”

“व्हय.”

“अन् जुन्यात जे केलं होतं ते?”

“ते जुन्यासंगं गेलं, आबा. नवीवर काहीच नसते. कोरी.”

“म्हंजे सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं,” आबा म्हणाले. मग जरा सरकून, आवाज खाली आणून, “सातबाऱ्यावरच्या बोजाची अशी कोरी आयडी निघते का रे?”

“निघत असन. पण ओटीपी लागते.”

“कोणाचा?”

“पालकाचा.”

आबांचे पालक जाऊन जमाना झाला. ते विचारात पडले.

“पालकमंत्र्याचा चालन का?”