फॉर्मवाले आप्पा

सिडकोत प्रत्येक गल्लीला एक गणपती मंडळ, एक मिसळीची गाडी आणि एक भावी नगरसेवक असतो. आमच्या गल्लीला आप्पा आहेत. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले, निवडणूक लांबत गेली; आप्पा चिकाटीने भावीच राहिले. फ्लेक्सवरचा फोटोही तेव्हाचाच. आता तो आप्पांच्या धाकट्या भावाचा वाटतो.

आधी आप्पांकडे काम ते किती? दहावे, साखरपुडे, नळाला पाणी नाही म्हणून फोन. पण २८ जून २०२४ ला अजित पवारांनी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ जाहीर केली आणि आप्पांच्या अंगात वारं शिरलं. बाईच्या खात्यात महिना १,५०० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, दारात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. अर्जाची मुदत १५ जुलै. सेतू कार्यालयाबाहेर ही रांग! इकडे आप्पांच्या ओट्यावर टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार आणि नवा फ्लेक्स. त्यावर योजनेचं नाव बोटभर, आप्पा पुरुषभर.

मग सरकारने मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, वयाची अट साठवरून पासष्टवर नेली, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाला उत्पन्नाचा दाखला माफ केला. हे मुंबईत ठरलं, पण आमच्या गल्लीत ते आप्पांनी केलं. “मी वर बोललो होतो,” ते म्हणाले. वर म्हणताना त्यांचं बोट छताकडे जातं. वर त्यांचा भाडेकरू राहतो.

नारीशक्ती दूत ॲपवर बाईचा फोटो जागेवरच काढावा लागे. “ताई, हलू नका. पदर राहू द्या. डोळे उघडा... गेलं सर्व्हर!” सर्व्हर मोकळा व्हायचा मध्यरात्री. रात्री एक वाजता परक्या बाईला फोन करून “ओटीपी सांगा” म्हणायचं, आणि तिच्या नवऱ्याने उलट “दमला असाल आप्पा” म्हणायचं, हे भाग्य नाशकात दुसऱ्या पुरुषाला लाभल्याचं ऐकिवात नाही. गल्लीतले निम्मे अर्ज खरं तर अंगणवाडीच्या ताईंनी भरले. त्यांना अर्जामागे पन्नास रुपये जाहीर झाले होते. श्रेय मात्र आप्पांनी विनामोबदला घेतलं.

आप्पांची खरी अडचण पुढे आली. जुन्या योजनांमध्ये कार्यकर्त्याला जागा असायची. १९९५ च्या युती सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर घ्या, केंद्र कुणाला द्यायचं यातच अर्धं राजकारण शिजायचं. आधारला जोडलेल्या खात्यात थेट पैसे पडायला लागले तर मध्ये हात कुठे घालायचा? आप्पांनी तो मोबाइलच्या मेसेजमध्ये घातला. “जमा झाले का ताई? स्क्रीनशॉट टाका ग्रुपवर.” राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार पडले, तेव्हा त्यांनी ओट्यावर बसून मनगटापासून कोपरापर्यंत राख्या बांधून घेतल्या आणि ओवाळणीत स्वतःचा फोटो छापलेल्या कापडी पिशव्या वाटल्या.

तरी माणूस निव्वळ दिखाऊ म्हणवत नाही. एकीचे पैसे आलेच नाहीत. शोध घेतला तर तिचं आधार दिंडोरीच्या एका विसरलेल्या खात्याला जोडलेलं. आप्पा तिच्याबरोबर बँकेत गेले, रांगेत उभे राहिले आणि खातं बदलूनच परत आले. फोटो काढला, पण आधी काम केलं.

गल्लीच्या टोकाला एक विधवा मावशी राहतात. त्या फॉर्म घ्यायला आल्या तर आप्पांनी नियम वाचून दाखवला: संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० मिळतात, मग लाडकी बहीण होता येणार नाही. ही निराधार योजना १९८० ची. तिथे उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे जिला कुणी नाही तिने एकवीस हजारांच्या आत राहायचं आणि जिला नवरा, फ्रीज, दुचाकी आहे तिने अडीच लाखांच्या. हातात पडणार दोघींच्या सारखंच. मावशी म्हणाल्या, “मग माझं अनुदान अडकलंय तेवढं तरी बघा.” आप्पा म्हणाले, बघतो. त्या गेल्यावर मला हळूच म्हणाले, “तहसीलला लय खेटे पडतात हो. अन् मत एकच.”

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला गेल्या. त्यांतल्या किमान तीन आपल्या ओट्यावरून आल्या, असा आप्पांचा हिशेब. अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या एकीला त्यांनी विचारलंच, “काय ताई, लक्षात ठेवलं ना?” ती म्हणाली, “आप्पा, पैसे सरकारचे, बोट माझं. तुमची पिशवी तेवढी मेथीला बरी पडते.” त्या पैशांतून तिने मुलीच्या क्लासची फी भरली होती, सासूला न विचारता. ते काही आप्पांच्या ग्रुपवर आलं नाही. प्रचारात कबूल केलेल्या २,१०० रुपयांचं काय, असं तिने जाता जाता विचारलं, तेव्हा आप्पांनी पुन्हा छताकडे पाहिलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं. नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार हवं, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी हवा. ओट्यावर पुन्हा टेबल लागलं. महापालिकेची निवडणूकही एकदाची जवळ आली होती, त्यामुळे खुर्च्या या वेळी गादीच्या होत्या. एक बाई म्हणाली, “बाप अमरधामात गेला, नवरा सुरतेला पळाला. ओटीपी कुणाचा आणू?” आप्पांनी पेन कानामागून काढलं, अर्जाच्या कोपऱ्यात ‘पती नॉट रिचेबल’ असं लिहिलं, अर्ज बाजूला सरकवला आणि विचारलं, “ते होईल. आधी सांगा, मतदार यादीत नाव याच प्रभागात आहे ना?”